सुनेची गाडी आणि माझं तिकीट

माझं अक्षर किरटं आहे. शाळा चौथीपर्यंतच झाली, आणि ऱ्हस्व कुठे, दीर्घ कुठे, हे मला तेव्हाही कळत नव्हतं. हे कोणी वाचणार नाही, पण वाचलंच कुणी तर चुकांबद्दल रागावू नये. गाडीचं प्रकरण लिहून काढलं तर मला तरी ते समजेल, एवढ्यासाठीच लिहायला बसले आहे.

आम्ही कॅनडात सरेला राहतो. मुलगा, सून आणि मी. खाली गॅरेज, वर घर. मुलगा कॉम्प्युटरचं काम घरातूनच करतो. सूनही तेच काम करायची, पण मागच्या वर्षी तिच्या कंपनीने बऱ्याच लोकांना काढलं, त्यात तीही गेली. नोकरी होती तेव्हा तिने जवळच्या कोक्विटलाम गावाहून एक जुनी निळी गाडी आणली होती. दिसायला साधी, चार दारांची, घरच्या माणसांना घेऊन भाजीला जावं अशी. पण ती स्पोर्टची आहे म्हणे. म्हणजे काय, ते मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिने इतक्या आनंदाने सांगितलं की तिसऱ्यांदा विचारायची मला लाज वाटली.

चांगली चालत आलेली गाडी तिने घरी आणली आणि खोलायलाच घेतली. स्प्रिंगा काढून आखूड स्प्रिंगा घातल्या. गाडी इतकी खाली बसली की तिच्यात शिरताना माझ्या गुडघ्यांना पाटावर बसल्यासारखं वाटायचं. पुढच्या खुर्च्या काढून दोन्ही बाजूंनी आवळून धरणाऱ्या खुर्च्या लावल्या. सायलेन्सर काढून दुसरा लावला, तो जास्त आवाजाचा.

"लोक आवाज कमी करायला पैसे देतात ना रे?" मी मुलाला विचारलं.

"तुझ्या सुनेला विचार. माझी गाडी विंटर टायर घालते आणि गप्प बसते."

सून नागपूरची. ती हसली की वरच्या मजल्यावर ऐकू येतं. नोकरी गेल्यावर ते हसणं बंद झालं, आणि त्याच सुमाराला गाडीही बिघडली. चढावर दम टाकायची, पाय दाबला की आतून बारीक शिट्टी यायची. मुलगा म्हणाला, एका पगारात दोन गाड्यांचा इन्शुरन्स परवडत नाही, विकून टाक. ती म्हणाली, अशी गाडी कोण घेईल, आधी नीट करते. मला दोघांचंही पटलं. समोरचा बोलत असला की मला तोच बरोबर वाटतो, आणि मग दुसरा बोलायला लागतो.

एका दुपारी मी पोळ्या लाटत होते. इथल्या बेसमेंटांमध्ये राहणाऱ्या आपल्याकडच्या कॉलेजच्या मुलामुलींना मी पोळ्या करून देते. ते पैसे मी बहिणीकडे जायला साठवत होते. ती माझ्याहून मोठी, सांगलीकडे एकटी असते, आणि तिची नजर कमी होत चालली आहे. फोनवर म्हणायची, "मला दिसतंय तोवर ये बाई. नंतर आलीस तर नुसता आवाज. तो काय, फोनवर ऐकतेच आहे." तिकिटापुरते पैसे जमले होते.

सून ओट्याशी येऊन उभी राहिली.

"आई, एक मागू का? नाही म्हणाल तरी चालेल."

"बोल की."

"गाडीचा टर्बो गेलाय. इंजिनाला जास्तीची हवा देणारा पंखा असतो तो. तेवढा बदलला की गाडी चांगल्या भावात जाईल. गेली की पहिले तुमचे पैसे. दिवाळीच्या आत तिकीट मी स्वतः काढून देते."

"माझे पैसे?"

"ह्याला नका सांगू. ह्याच्याकडे मागायचं नाही मला."

इतकी शिकलेली मुलगी माझ्यापुढे मान खाली घालून उभी होती, ते मला बघवेना. पिठाच्या हातानेच आत गेले आणि पैसे आणून दिले. मग परत येऊन अर्धी राहिलेली पोळी लाटली. मुलापासून मी कधी काही लपवलं नव्हतं. आता घरात दोन बाजू झाल्या होत्या, आणि मी कुठल्या बाजूला आहे तेच मला सांगता येईना.

नवा टर्बो आला. तिने हात काळे करून तो बसवला, मी नट फिरवायचे पाने उचलून देत होते. मग तिने मला खुर्चीत बसवलं आणि स्वतः इंजिनाशी कान लावून उभी राहिली.

"आई, उजवीकडचं दाबा. हळूच."

"गाडी पळणार नाही ना?"

"न्यूट्रलमध्ये आहे हो. दाबा. अजून. मुंगी नाही मारायची आई, दाबा!"

मी दाबलं. गाडी अशी ओरडली की मी पाय वर घेतला.

"सोडता कायले!"

बाहेरून कुत्रा घेऊन चाललेल्या बाईंनी हात हलवला. मी गाऊनवर मुलाचं जाकीट घालून बसले होते. मान खाली घातली आणि पुन्हा दाबलं. शिट्टी होती तशीच होती.

त्यानंतर रोज हेच. ती लॅपटॉप जोडून गाडीला काय दुखतंय ते विचारायची. गाडी आकडे सांगायची. सून म्हणायची, कुठूनतरी नको ती हवा आत येतेय, पण कुठून ते गाडीलाही माहीत नाही. बहिणीचा फोन आला की मी म्हणायचे, बघते. काय बघते, ते ती विचारत नव्हती. गाडी नीट झाल्याशिवाय विकली जाणार नाही, आणि विकल्याशिवाय मी जाणार नाही, हे एवढंच मला त्या सगळ्यातलं समजत होतं.

मग एक दिवस ती म्हणाली, "आई, धूप आहे का?"

"आत्ता? कशाला?"

"गाडीला द्यायचाय."

मला बरं वाटलं. शेवटी पूजा करायचं सुचलं म्हणून मी धुपाबरोबर हळदकुंकूही नेलं. तिने ते बाजूला ठेवलं. लोणच्याच्या रिकाम्या बरणीच्या झाकणाला दोन भोकं पाडून त्यांत नळ्या खोचलेल्या होत्या. बरणीत धूप पेटवला, एका नळीला सायकलचा पंप, दुसरी इंजिनाच्या तोंडात. जिथे फट असेल तिथून धूर बाहेर येईल, असं तिने सांगितलं. देवाचा धूप इंजिनात घालणं बरं की वाईट, ते मला ठरवता येईना. बरणी धरून उभी राहिले. धूर गाडीतून दिसेना, झाकणातून मात्र भरपूर. वरचा धुराचा अलार्म किंचाळायला लागला आणि मुलगा कानाला हेडफोन तसेच ठेवून धावत खाली आला.

"काय चाललंय? मीटिंगमध्ये आहे मी! आई, तू पण?"

"धूप दाखवतोय," मी म्हणाले.

"गाडीला?"

"लीक शोधून राहिलो आम्ही," सून म्हणाली.

"बास झालं. उद्या भंगारवाल्याला फोन करतो. टो करून घेऊन जाऊ देत."

"नाही न्यायची. आईंचे पैसे आहेत ह्यात."

अलार्म वाजतच होता. त्याने हेडफोन काढले.

"आईचे कुठले पैसे?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "मावशीकडे जायचे?"

मी बरणीकडे बघत राहिले.

"मी देतो आईला," तो म्हणाला.

"तू नाही द्यायचे. मी घेतले, मी देईन."

"कशातून देणार आहेस? ह्या डब्यातून? आणि तो धूर तिकडून कशाला येतोय? मागून, त्या काळ्या नळीखालून?"

तो आम्हां दोघींपेक्षा उंच आहे, त्याला वरून दिसलं. सून पंप टाकून टॉर्च घेऊन वाकली. बोटाएवढी रबराची नळी, खालच्या अंगाने चिरलेली. हात फिरवून पाहिल्याशिवाय कळलं नसतं.

नवी नळी पोळ्यांच्या दोन पाकिटांच्या पैशांत आली. ती लावल्यावर शिट्टी थांबली. सून गॅरेजच्या जमिनीवर बसली आणि म्हणाली, "जुना टर्बो चांगलाच होता, आई."

म्हणजे माझे पैसे ज्यात गेले त्याची गरजच नव्हती. मला राग यायला हवा होता. मी त्याची वाट पाहिली. राग आला नाही. बहिणीला आता माझं तोंड दिसेल का, एवढंच डोक्यात फिरत राहिलं.

गाडी धावायला लागली. सुनेने मला एकदा टेकडीच्या रस्त्याने नेलं. पाय दाबल्यावर पाठ खुर्चीला चिकटली आणि मी मोठ्याने हसले. का हसले ते माहीत नाही. तीही हसली, पूर्वीसारखी.

पुढच्या रविवारी गाडी बघायला एक सरदारजी आले, पिकलेल्या दाढीचे. त्यांची बायको व्हॅनमधून उतरलीच नाही. तिची आणि माझी नजर भेटली आणि दोघींनीही ती दुसरीकडे नेली. सरदारजींनी गाडीखाली वाकून पाहिलं, चक्कर मारून आले, सुनेने सांगितलेला भाव त्यांना मान्य झाल्यासारखा दिसला. मग ते माझ्याकडे वळले.

"आंटीजी, आप बताओ. गाड़ी में कोई खराबी?"

परक्या माणसाने मला आजवर असं काही विचारलं नव्हतं. सून बघत होती. गाडी गार असली की सुरू झाल्यावर थोडा वेळ थरथरते, ते मी खुर्चीत बसून अंगाने अनुभवलं होतं. सुनेने ते सांगितलं नव्हतं. न सांगण्यात माझाच फायदा होता, हे कळण्याइतकी मी शहाणी आहे. तरी तोंडातून गेलं, "सुबह ठंडी में काँपता है. बाद में अच्छा चलता है."

त्यांनी भाव पाडला. सुनेने थोडी घासाघीस केली आणि दिली गाडी. निळी गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत ती रस्त्यात उभी होती.

"आई, एवढं नसतं बोललं तरी..." ती म्हणाली, आणि पुढचं न बोलता आत गेली.

मी बरोबर केलं की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. माझेच पैसे त्यात होते आणि मीच ते कमी केले. आता तिच्याकडे कमी आले तर मागायला मला तोंड नव्हतं. मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "मला दोघींच्या मध्ये नको घेऊस."

तिसऱ्या दिवशी मी कणीक मळत असताना सून आली आणि तिने नोटा पोळपाटाशेजारी ठेवल्या.

"मोजा."

"राहू दे. आणि तुला काय उरलं?"

"माझं मी पाहून घेईन. मोजा ना, आई. माझ्यासाठी मोजा."

मी हात धुतले, पुसले, आणि तिच्यासमोर एक एक नोट मोजली. पैसे पूर्ण होते.