कव्हरमागची बारीक अक्षरं

पितळ घासायच्या पावडरीचा वास आला की मला ते मास्तर आठवतात. बहिणीच्या लग्नातली गाणी ठरवायला बँडचे मास्तर आमच्या गारखेड्याच्या घरी आले होते, आणि त्यांच्या बोटांना तो वास होता. मी अमेरिकन जॅझची जुनी रेकॉर्ड लावून बसलो होतो; सोळा-सतरा वाद्यांचा बँड. मास्तरांनी चहाची भरलेली बशी तशीच खाली ठेवली. "वाजिवणारे लई हायेत, पण एकबी दुसऱ्याच्या पायात येत नाय. ह्ये कागदावर मांडलं कुणी?" मी कव्हर दाखवलं. पुढं बँडवाल्याचा मोठा फोटो होता, आणि प्रत्येक वाद्यानं काय वाजवायचं ते लिहिणाऱ्याचं नाव मागं, बारीक अक्षरांत. मास्तरांनी त्या ओळीवर बोट ठेवून मला ती दोनदा वाचायला लावली. "आमच्यात सगळ्यांचं मीच लिहून देतो, पण गाडीवर नाव मालकाचं," ते हसून म्हणाले. "तिकडं बारीक का व्हईना, लिहित्यात." तेव्हापासून कुठलीही रेकॉर्ड हातात आली की मी आधी मागची बाजू वाचतो. परवा बहिणीच्या लग्नाचा अल्बम काढला. बँडच्या गाडीवर मालकाचं नाव झगमगतंय, शेजारी क्लॅरिनेट घेऊन मास्तर उभे आहेत. त्यांचं नाव मी विचारलंच नव्हतं.