कुंकू लागलेली फ्लॉपी

तुम्ही दोघांनी पाठवलेली फ्लॉपी-ड्राइव्ह मिळाली आणि मी तुमच्या मावशीच्या फ्लॉप्यांचा डबा काढला. माझी ही धाकटी मुलगी, तुमच्या आईची बहीण, तुम्ही पाहिली नाहीत. कॉलेजात असतानाच ती तापाने गेली. मयूर विहारच्या याच घरात, आता कपडे वाळत घालायचा स्टँड आहे तिथे तिचा कॉम्प्युटर होता.

तुम्ही समजावलंत तसं, फ्लॉपीची इमेज म्हणजे फोटो नव्हे. फ्लॉपीवर जे काही आहे ते मोकळ्या जागेसकट, क्रमाने उतरवून घेतलेली एक फाइल. ती एम्युलेटर नावाच्या प्रोग्रामला दिली की नवा लॅपटॉप जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेतो. मला हे काम आवडलं. फ्लॉपी पुसायची, लेबल वाचायचं, कमांड द्यायची, फाइलला नाव द्यायचं.

एक फ्लॉपी मात्र मी मुद्दाम शेवटी ठेवली. तिच्या लेबलवर 'घर' लिहिलं होतं आणि शेजारी कुंकवाचं बोट होतं. खंडेनवमीला आजोबा घरातली विळी, पाना, शिवणाचं मशीन सगळं पुजायचे. कॉम्प्युटर आला त्या वर्षी तोही पुजला. फ्लॉपी उलटी करून मधल्या चकतीलाही कुंकू लावलं.

"बाबा, यार, आत जाईल ते," ती म्हणाली.

"देवाचं कुंकू आहे. काही होत नाही."

घरातल्या प्रत्येकासाठी त्या फ्लॉपीत काहीतरी लिहिलंय, बाबांसाठीही, असं तिने सांगितलं होतं. नंतर बघू म्हणून आजोबांचं बघायचं राहिलं, आणि मग ती राहिली नाही.

कुंकू आत गेलंच होतं. वाचताना ड्राइव्ह खरवडल्यासारखी वाजू लागली. आजोबा माझ्या खुर्चीमागे उभे होते. पुन्हा फिरवली तर आहे तेही खरवडून जाईल, म्हणून एकदाच वाचायची असं आम्ही ठरवलं. इमेज झाली. जो भाग वाचता आला नाही, तिथे रिकामी जागा पडली.

एम्युलेटरच्या काळ्या पडद्यावर प्रश्न उमटला. अक्षरं इंग्रजी, बोलणं आमचं: "कोण आलंय?"

मी 'आई' टाइप केलं.

"ये. दूध आणलं असशील तर परत ने."

भर दुपार होती, खाली भाजीवाला ओरडत होता. तरी मी वळून दाराकडे पाहिलं.

'ताई' टाकल्यावर तिने तुमच्या आईकडे आपली कुर्ती परत मागितली. मग आजोबा खुर्चीत बसले. एका बोटाने त्यांनी 'बाबा' टाइप केलं. एक रिकामी ओळ आली आणि तिच्याखाली पुन्हा तोच प्रश्न: "कोण आलंय?"

फोनवर तुम्ही म्हणालात की तिथे आपण एखादं वाक्य भरू शकतो, आजोबांना बरं वाटेल. मी त्यांना विचारलं.

"नको," ते म्हणाले. "तिथे तिने लिहिलंय. मला वाचता येत नाही, एवढंच."

म्हणून इमेज आहे तशीच पाठवते आहे. तुमची नावं टाकलीत तर ती 'ओळखत नाही' म्हणेल. आईला शेजारी बसवा.

इथे रोज जेवण झालं की आजोबा लॅपटॉप उघडून 'बाबा' टाइप करतात. रिकामी ओळ येते. "अजून रागावली आहे," असं म्हणून ते थोडं थांबतात आणि पुन्हा टाइप करतात.