मला ढोल वाजवता येत नाही

माझ्यासाठी खुर्ची नव्हती. खुर्चीच्या जागी ढोल ठेवला होता.

महाडातला छोटा हॉल. रविवारची सकाळ. पन्नासेक माणसं. टेबलावर सरांचा रेकॉर्ड प्लेअर, त्यामागे सर, त्यांच्या हातात माझी वही. एका जुन्या रॉक अल्बमवर मी अर्धा तास बोलायचं ठरलं होतं. दारावरच्या कागदावर वेगळंच होतं. विवेचन, सरांचं नाव. ढोलवादन, माझं.

"सर, हे काय?"

"अरे, बोलायचं माझ्यावर सोड. तू सुरुवातीला पाच मिनिटं वाजव. तुमच्या रक्तातच ताल आहे."

पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "लाजतोय तो. टाळ्या वाजवा जरा."

टाळ्या वाजल्या.

सर म्हणजे निवृत्त प्राध्यापक. पोलादपूरकडे वाडवडिलांची जमीन, महाडात बंगला, बंगल्यात भिंतभर रेकॉर्ड. मी एमआयडीसीत ऑपरेटर. कंपनीच्या बसमध्ये माझ्या कानात इयरफोन असायचे आणि बरोबरचे चिडवायचे, "काय रे, गोऱ्यांचं रडगाणं लावलंस? कोण मेला त्यांचा?" सरांनी कधी चिडवलं नाही. दोन वर्षं दर रविवारी त्यांनी मला घरात बसवलं, स्वतःच्या कपांतला चहा दिला. मी चळवळीची पत्रकं वाटणारा माणूस. सभेत दुसऱ्यांना सावध करणारा. आणि एका कपाला भुललो.

सर म्हणाले, तुझी मतं लिही. लिहिली. ज्या अल्बमची सगळे पूजा करतात त्याची दुसरी बाजू पोकळ आहे. गिटारवाला पुढाऱ्यासारखा, थांबायचं कुठे ते कळत नाही. पॉपला हलकं म्हणणाऱ्यांनी आपलं म्हणणं तीन मिनिटांत संपवून दाखवावं. अल्बम पहिल्यापासून ओळीने ऐकावा; एकच गाणं उचलणं म्हणजे पानातलं लोणचं चाटून उठणं.

शेवटच्या पानावर लिहिलं होतं, की ही रडती तार, हा ठेका मुळात काळ्या माणसांचा. दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्यांचा. गोऱ्या पोरांनी तो उचलला आणि जग त्यांच्या पाया पडलं. ज्यांचा होता ते वाजवायला मागच्या दाराने आत जात. कव्हरवर त्यांचा फोटो नाही.

ते पान सरांना वाचून दाखवताना मी घरचं एक सांगून बसलो. माझा आजा खालूबाज्यात ढोल वाजवायचा. ढोल, टिमकी, सनई. बाजा वाजल्याशिवाय नवरा मांडवात शिरत नसे, आणि बाजावाल्याला मांडवात पाऊल टाकता येत नसे. जेवण सगळ्यात शेवटी, गोठ्याजवळ. धम्म घेतला तेव्हा आमच्या वाडीने बाजा सोडला. आज्याने विळ्याने ढोलाचं कातडं फाडलं. बापाला काठी धरू दिली नाही. बाप आजही म्हणतो, "वाजवत ऱ्हायलास तर उभाच ठेवतील तुला. बसवणार नाय."

हे मी बाहेर कुठे बोललो नव्हतो. सरांना सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले होते. त्याच भरलेल्या डोळ्यांनी ते नाते गावाच्या बाजूला ढोल शोधत गेले.

टाळ्या थांबल्या. सरांनी काठी पुढे केली.

"सर, मला ढोल वाजवता येत नाही."

"काहीतरीच काय. तुझे आजोबा..."

"आज्याने शिकवलं नाही. शिकवायचं नाही असं ठरवून शिकवलं नाही. मला ऐकता येतं. वही द्या."

"हट्ट करू नकोस. लोक बघतायत."

"वही द्या सर."

दिली. शेवटचं पान फाडलेलं होतं. कडेला दातरे तेवढे उरले होते. मी सरांकडे पाहिलं. ते प्लेअरची सुई पुसत होते.

"ते पान विषयाला सोडून होतं," ते हळूच म्हणाले. "इथे संगीत ऐकायला येतात रे लोक. तुझी पत्रकं नाही."

मग मी ते पान तोंडपाठ बोललो. उभ्यानेच. काळ्या माणसांचं बोललो, मग न थांबता आज्याचं बोललो, गोठ्याजवळच्या जेवणासकट. चारपाच माणसं उठून गेली. एक बाई पर्स आवळून शेवटपर्यंत बसली. सरांनी मध्येच रेकॉर्ड लावली. मी आवाज चढवला.

सर चांगले आहेत असं मला महाडात अजून सांगतात. असतील. चांगल्या माणसाने दिलेला ढोलसुद्धा उभ्यानेच वाजवावा लागतो.

आता दर रविवारी आमच्या बौद्धवाडीच्या समाजमंदिरात अल्बम लागतो, ओळीने, दोन्ही बाजू. स्पीकर उसना आहे. माझी मतं माझ्या नावाने छापून वाटतो, शेवटच्या पानासकट. सरांनी जरूर यावं. सतरंजीवर बसावं. बोलणार मी.