रडायची खुर्ची

"रडा," मॅडम म्हणाल्या. "थोडं रडा मावशी, त्याशिवाय या मुलींना शिकता येणार नाही."

इंदापूरचा हॉल होता. पुढं दोन खुर्च्या समोरासमोर मांडलेल्या. एक गादीची, एक पत्र्याची. गादीची खुर्ची सल्ला देणारीची, पत्र्याची दुःख सांगणारीची. मी पत्र्याच्या खुर्चीत. समोर बारामतीच्या कॉलेजात शिकलेली एक मुलगी, शिकवलं होतं तशी जरा पुढं वाकून बसलेली. हॉल भरून बाया. बालवाडीच्या बाई, शाळेतल्या बाई, आमच्या सल्ला केंद्राच्या मुली. सगळ्यांच्या मांडीवर वह्या.

"मग तुम्ही असं काय केलं होतं, म्हणून त्यांनी तुमचे केस कापले?" त्या मुलीनं मला विचारलं.

मॅडमनी तिला थांबवलं. असं विचारायचं नसतं, त्यानं दोष बाईवर जातो, हे तिला नीट समजावून सांगितलं. बरोबरच होतं ते. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "पुन्हा घ्या. मावशी, कातरीपासून."

मी पुन्हा कातरीपासून सांगितलं. त्या मुलीला विचारायला जमेपर्यंत सांगत राहिले. रडू मात्र आलं नाही. मॅडम नाराज झाल्या.

मी जळोचीची. बापाच्या मेंढ्या होत्या. चुलत्याकडं राहून चौथी झाले. पुढं शाळा नाही, लग्न. सासर मेंढ्यांमागं फिरणारं. एकदा कुणाला न विचारता माहेरी गेले. तिथून परत आणली. मेंढ्या कातरायचे दिवस होते. मुक्कामाच्या तळावर नवऱ्यानं मला दाबून धरलं आणि दिरानं मेंढ्यांच्या कातरीनं माझे केस कापले. सगळा तळ बघत होता. केस लोकरीच्या ढिगात पडले. सासू खाली बसून ते निवडून काढत होती. लोकर खराब होऊ नये म्हणून.

त्यानंतर मी नांदले नाही. भावाकडं आले. भावानं माझं डोकं बघितलं आणि काही विचारलं नाही. त्याच्या रानातली भाजी घेऊन मी बारामतीच्या मंडईत बसायला लागले. बायका भाजी घेता घेता बोलायच्या. मी ऐकायची. मेथी निवडताना बाई जे बोलते ते घरात बोलत नाही.

नव्वदनंतरची गोष्ट. एका संस्थेनं बारामतीत सल्ला केंद्र काढलं. मारलेल्या, टाकलेल्या बायकांसाठी. आसपासच्या गावांतून एकेक बाई नेमायची होती, बायका जिच्यापाशी बोलतात अशी. मला नेमलं. थोडं मानधन होतं. पण मानधनापेक्षा मोठं हे, की मला कुणी कामाला बोलावलं. हातातली भाजीची पाटी बघून नाही, मला बघून. ते काम मला पाहिजे होतं. म्हणून मी पुढं इतके दिवस त्या खुर्चीत बसले.

मॅडम आमच्या वरच्या. पुण्याहून यायच्या. शिकवायच्याही त्याच, आमचं काम तपासायच्याही त्याच. पहिल्या शिबिरात त्यांनी सगळ्यांना गोल बसवलं. आपापलं दुःख सांगा, मन मोकळं केल्याशिवाय दुसऱ्याचं ऐकता येत नाही, असं म्हणाल्या.

"इथलं इथंच राहील," हेही त्याच म्हणाल्या.

मी कातरीचं सांगितलं. जन्मात पहिल्यांदा. त्या दिवशी हलकं वाटलं. खोटं कशाला बोलू.

पुढच्या शिबिराला खुर्च्या आल्या. मग दर शिबिराला खुर्च्या, आणि पत्र्याच्या खुर्चीत मी. शिकलेल्या मुली पाळीपाळीनं गादीवर बसायच्या. एकदा मी म्हणाले, "मॅडम, एकदा मला बी तिकडं बसू द्या. माझ्याकडं बी बाया येत्यात."

मॅडम हसल्या. "मावशी, तुम्हाला काय शिकायचंय? तुम्ही तर भोगलंय. शिकायचंय ते यांना."

मुलीही हसल्या. वाईट नव्हत्या त्या. पण हसल्या.

मग एके दिवशी मंडईत एक गुरुजी आले. त्यांची बायको शिबिराला यायची. मेथीची जुडी उचलून म्हणाले, "काय आत्याबाई, ही बी कातरीनंच कापता व्हय?"

शेजारी कांदे विकणारे तात्या हसले. कशाला हसतोय ते त्यांना माहीत नव्हतं, सवयीनं हसले. पण गुरुजी गेल्यावर विचारायला लागले, "कातरीचं काय हाय गं?" दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. मी पाटी उचलून पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन बसले. इतक्या वर्षांची माझी जागा होती ती.

मॅडमना सांगितलं. असं होतं कधीकधी, मनाला लावून घेऊ नका, म्हणाल्या. आणि पुढच्या शिबिराची तारीख सांगितली.

त्याच दिवसांत कमल यायला लागली. पणदऱ्याची सून. बाजाराच्या दिवशी यायची आणि माझ्या पोत्यांमागं गर्दीकडं पाठ करून बसायची. तिनं जे सांगितलं, ते तिच्या सासरी कळलं असतं तर त्याच दिवशी तिला बाहेर काढलं असतं आणि पोर ठेवून घेतलं असतं. पोर अजून पीत होतं.

केंद्राचा नियम होता, जे ऐकाल ते वर सांगायचं. मी सांगितलं, नाव न घेता. मॅडमनी मान डोलावली.

"फार चांगली केस आहे ही."

चांगली. तो शब्द मी जळोचीपर्यंत डोक्यात घेऊन चालले.

पुढच्या शिबिराला पाहुणे येणार होते. संस्थेला पैसा देणारे. त्यांना काम डोळ्यांनी बघायचं होतं. मॅडम म्हणाल्या, त्या मुलीला इंदापूरला घेऊन या. तोंडावर पदर घेऊ दे. नाव कुणी विचारणार नाही. ती खुर्चीत बसेल, आमची मुलगी समोर बसेल, पाहुणे बघतील.

मी म्हणाले, "हॉलात पणदऱ्याकडच्या बालवाडीच्या बाई बसत्यात. त्यास्नी आवाज वळकू येत न्हाय व्हय?"

"तुम्ही त्याची काळजी करू नका."

"मी न्हाय आणायची तिला."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. मग अगदी हळू बोलल्या. "चौथी शिकलेल्या बाईला आम्ही इथवर आणलंय मावशी. आणायचं की नाही ते तुम्ही ठरवू नका. नाहीतर तुमच्या कामाचा विचार करावा लागेल."

मी एकटीच एसटीनं इंदापूरला गेले. काम जाणार हे मला कळत होतं. काम गेलं तर नुसती पाटी, नुसता तो कोपरा. जंक्शन गाव मागं गेलं तेव्हा मनात आलं, उतरावं आणि परत फिरावं. उतरले नाही.

पाहुणे पुढच्या रांगेत बसलेले. दोन्ही खुर्च्या मांडलेल्या. मॅडम दारात आल्या. माझ्यामागं कुणी नाही हे बघितलं.

"कुठंय ती?"

"आणली न्हाय."

त्यांचा चेहरा पाहुण्यांकडं हसरा राहिला. आवाज माझ्याकडं. "मग तुम्ही बसा. कातरीचं घ्या. आणि आज तरी रडा."

मी पुढं गेले. गादीच्या खुर्चीत बसले. लांबून वाटायची तेवढी काही ती मऊ नव्हती.

"मावशी, ती नाही. ही," मॅडमनी पत्र्याच्या खुर्चीकडं हात केला.

"न्हाय मॅडम. आज मी ऐकणार. तुमी बसा तितं. तुमचं सांगा."



"हे प्रशिक्षण आहे, मावशी."

"व्हय. म्हणूनच म्हणती. तुमच्या घरातलं कायबी सांगा. चुकलं तर पुन्हा घिऊ."

मॅडमचा हात पत्र्याच्या खुर्चीच्या पाठीवर होता. बोटं घट्ट. त्या बसल्या नाहीत. त्यांच्या तोंडाकडं बघून मला कळलं, सांगण्यासारखं या बाईकडंही काहीतरी आहे. आणि ते ती या हॉलात मरेपर्यंत सांगणार नाही. कुणी तिला सांगायला लावणारही नाही. तेवढा हक्क तिला होता. मला नव्हता. कमलला तर नव्हताच. शिकवणारीचं दुःख तिच्या घरात राहणार, आमचं दुःख तेवढं फळ्यासारखं पुढं टांगायचं. एवढंच होतं सगळं. ते मला त्या गादीवर बसल्यावर दिसलं.

"चहा घेऊ या," मॅडम म्हणाल्या.

कुणी माझ्या बाजूनं बोललं नाही. माझ्या कातरीवर विचारायला शिकलेली ती मुलगी वहीत बघत राहिली. मी चहा घेतला नाही. एसटी स्टँडवर येऊन बसले.

काम गेलं. निरोप आला, शिक्षण कमी पडतं.

कमलला मी बाजारात खरं ते सांगितलं. तुझं वर सांगितलं होतं, नाव घेतलं नव्हतं. तुला इंदापूरला न्यायला सांगत होते, मी नेलं नाही.

ती म्हणाली, "म्हंजी आक्का, आता कुणाकुणाला म्हाईत हाय?"

"मला सगळं. त्यांना अर्धं."

ती उठून गेली. तिचं चुकलं नाही. कितीतरी बाजार आली नाही. मग एका बाजारी आली, कोथिंबीर घेतली, आणि पोत्यांमागं बसली. पाठ गर्दीकडं.

आता मी म्हातारी झाले. अजून बायका येतात. माझ्या वर कुणी नाही, म्हणून वर सांगायचंही नाही. कुणीतरी म्हणालं, तुमच्याकडं आलेल्या बायकांचं लिहा. मी लिहायला बसले आणि माझंच लिहिलं. कातर माझ्या डोक्यावर चालली, म्हणून ते सांगायचं की नाही हे मी ठरवणार.

कमल हे तिचं नाव नाही. पणदरे तिचं गाव नाही. तिनं मला काय सांगितलं, याची तुम्ही वाट बघत असाल. ते इथं नाही. ती बोलेल तेव्हा बोलेल, नाही बोलली तर ते माझ्याबरोबर जळेल.

आणि माझं मी लिहिलं ते एकदा. पुन्हा घेणार नाही.