एमसीएची सीट आणि बाबांचं पंचांग

आज एक मोठा निर्णय एकटीनं घेतला. घरात बोलता येत नाहीये, म्हणून तुम्हाला सांगतेय.

एमसीएसाठी मला लखनौच्या एका खाजगी कॉलेजात सीट मिळाली होती. हॉस्टेल धरून फी बाबांच्या आवाक्याबाहेरची. सीट सोडली, तर पुढच्या फेरीत सरकारी कॉलेज लागेलच असं नाही. आज पाचपर्यंत कळवायचं होतं.

आम्ही मराठी, पण राहतो उत्तरेत; बाबा इथे दुर्गाघाटावर पौरोहित्य करतात. सकाळीच नाशिकच्या यजमानांचा फोन आला, नवी गाडी कधी घेऊ म्हणून. बाबांनी पंचांग उघडलं आणि लगेच सांगितलं.

मग मी विचारलं, "बाबा, सीट घेऊ की सोडू?"

त्यांनी पंचांग मिटलं. "मला यातलं काय कळतं, बेटा? तूच बघ." आणि घाटावर निघून गेले.

आई म्हणाली, "बाबांना विचार." मैत्रिणीचा मेसेज आला, "देख ले यार."

चार वाजता मी सीट सोडली.

संध्याकाळी बाबांनी आल्या आल्या विचारलं, "काय केलंस?"

"सोडली. चारला."

त्यांनी चपला काढल्या. मग म्हणाले, "वेळ चांगली होती हो."

पुरोहिताची मुलगी आहे मी, पंचांग मलाही वाचता येतं. आज मंगळवार, आणि मंगळवारी चारला राहुकाळ असतो. त्या वेळात बाबा कोणाला गाडीसुद्धा घेऊ देत नाहीत.

मी नुसतं "हो का" म्हटलं. आता ते बाहेर बसलेत, मी आत.

तुमच्या घरी असं कधी झालंय का? मग आधी कोण बोललं?