इंजिनाला बुर्जी शिकवताना

बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले, त्यामुळे 'बुद्धिबळाचं इंजिन' म्हटल्यावर ते आधी हसलेच. "झाशीच्या लोकोशेडमध्ये असलं इंजिन मी तरी पाहिलं नाही." मी सांगितलं, हे लॅपटॉपमध्ये राहतं, फुकट मिळतं, आणि त्याचा कोड सगळ्यांना उघडा असतो, कुणीही आत डोकवावं, हवं ते बदलावं. मी शाळेत गणित शिकवायचे, प्रोग्रामिंगही थोडंफार यायचं. मला तर या आत डोकावण्याचीच भुरळ पडली.

गरज मात्र बाबांची होती. दर रविवारी झाशीच्या नगरा भागातल्या आमच्या घरी खेळायला येणारे गुरसरायचे काका मुलाकडे इंदूरला राहायला गेले, आणि बाबांनी पट कपाटात टाकला. माझ्याशी ते खेळत नसत. "तू मला जिंकू देतेस," म्हणायचे. आरोप खरा होता, म्हणून मला जास्तच राग यायचा. त्यांना सूट न देणारा कुणीतरी समोर हवा होता.

इंजिनाने पहिल्याच डावात त्यांना हरवलं. त्याचं त्यांना काही नाही. राग आला तो प्याद्याचा. "दोन घरं चाललं! प्यादं कधी दोन घरं चालतं का? हा आपला खेळच नाही." त्यांचा आणि काकांचा खेळ जुना, देशी. प्यादं एकच घर सरकणार. राजा डावात एकदा घोड्यासारखी उडी मारणार. आणि कुणाकडे नुसता राजा उरला की 'बुर्जी', म्हणजे डाव तिथेच संपला, दोघांना अर्धा-अर्धा गुण. म्हणून जिंकणाऱ्याने शेवटचं मोहरं मारायचं नाही, ते जिवंत ठेवून मात करायची.

कोड उघडा आहे ना, मग देशी करू या, असं मी ठरवलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत कूलरसमोर बसून एकेक नियम आत घातला. इंजिन सुधारायची रीत मला फार गमतीची वाटली: जुनं आणि नवं एकमेकांसमोर बसवायचं, शेकडो डाव खेळवायचे, जास्त जिंकेल ते ठेवायचं. कुणाचं मत विचारायचं नाही. आमच्या स्टाफरूममध्ये ही रीत आली असती तर!

बुर्जी घातली आणि निकाल बिघडले. निम्मे डाव बुर्जीत संपायला लागले. हरणारी बाजू आपली मोहरी स्वतःच फुकट देत सुटायची. कुठे चुकलं ते शोधायला चार दिवस घालवले, सापडलं नाही. शेवटी तसंच बाबांसमोर ठेवलं.

बाबांचा राजा कोपऱ्यात प्याद्यांमागे होता, डाव त्यांच्या खिशात. इंजिनाकडे राजा आणि एकच हत्ती. तो हत्ती सरळ बाबांच्या राजाला खेटून उभा राहिला आणि शह दिला. पळायला घर नाही. मारण्यावाचून गत्यंतर नाही. मारला की बुर्जी.

"ही चूक दुरुस्त करते," मी घाईने म्हणाले.

"हात नको लावूस! यह तो बिल्कुल वही हैं!" बाबा हसता हसता खोकायला लागले. "गुरसरायवाले असाच हत्ती अंगावर घालायचे. चाळीस वर्षं त्यांनी मला असंच छळलं. याला कुणी शिकवलं?"

कुणीच नाही. हरण्यापेक्षा अर्धा बरा, एवढंच मी लिहिलं होतं. बाकीचं त्याचं त्याने शोधलं. मला कितीतरी वेळ त्याचं नवल वाटत राहिलं.

त्यानंतर पट रोज निघू लागला; इंजिनाच्या चाली लॅपटॉपवर बघून मी पटावर करायचे. महिन्याभरात एके दुपारी बाबांनी प्यादेमात केली. त्यांच्या लेखी मोठा मान प्याद्याने मात करण्याचा. इंदूरला फोन लावायला त्यांनी मोबाइल उचलला, आणि थांबले.

"खरं सांग. हा मला जिंकू देत नाही ना?"

माझ्याच्याने खोटं बोलवेना. "मीच त्याला बांधून ठेवलंय, बाबा. दोनच चाली पुढचं बघ, असं सांगितलंय."

"मोकळा सोडला तर किती बघतो?"

"वीस. जास्तही."

बाबांनी मोबाइल बाजूला ठेवला. त्यांचा सगळा आनंद मी एका वाक्यात हिरावून घेतला, असं मला वाटलं, आणि स्वतःचा संताप आला. त्यांनी सोंगट्या पुन्हा मांडायला घेतल्या.

"मग तीन कर," ते म्हणाले.