अध्यक्षांचे दात

सार्वजनिक जीवनात माणसाचं स्वतःचं असं काही उरत नाही, त्याचे दातसुद्धा समाजाचे असतात, असं आमचे अध्यक्ष म्हणत. म्हणताना उजव्या हाताची दोन बोटं वरच्या ओठावर टेकवत. समाजाचे ते दात बरेच पुढे आलेले होते.

ते कशाचे अध्यक्ष, हे विचारायचं नसतं. फार पूर्वी कधीतरी गणेश मंडळाचे होते. पुढं मंडळ फुटून दोन झाली, पण पद त्यांना चिकटून राहिलं. असा एखादा अध्यक्ष तुमच्याही गल्लीत असेल. आमच्या दोघांच्या घरांत एकच भिंत, त्यामुळे त्यांची भाषणं मला घरबसल्या ऐकू येत.

कोल्हापूरला टेकलेल्या आमच्या गावात ते सरपंचपदाला उभे राहिले आणि पडले. पडण्याची कारणं गावाला तोंडपाठ होती. त्यांनी मात्र वेगळंच कारण शोधलं.

"फ्लेक्सनं घात केला बघा. तोंड मिटून फोटो काढला की माणूस मग्रूर दिसतोय. आन उघडून काढला की..."

पुढचं वाक्य बोटांच्या मागंच राहिलं. पुढच्या निवडणुकीत फ्लेक्सवर हसायचं, एवढं मात्र ठरलं.

शाहूपुरीतल्या दातांच्या डॉक्टरीणबाई माझ्या ओळखीच्या, म्हणून मला बरोबर नेलं. तारा लावायच्या नाहीत, ही पहिली अट. "तारा लावल्यावर सरपंच कुटला, कॉलेजचं पोरगं दिसंल." मग बाईंनी पारदर्शक साचे दाखवले. प्लॅस्टिकचे, दातांवर घट्ट बसणारे. एका नंबरचा काही दिवस घालायचा, मग पुढच्या नंबरचा, आणि दात हळूहळू मागं सरकत जातात.

"किती दिस लागतील?"

"दीड वर्ष धरा. पण दिवसातले बावीस तास तोंडात पाहिजेत. जेवताना आणि चहाला तेवढे काढायचे."

"दीड वरीस? निवडणूक वर्सावर आलीया की, मॅडम. जरा जोर लावा."

"जोर लावून होत नाही. दात हाडातून सरकतो. महिन्याला फार तर मिलिमीटरभर."

अध्यक्ष माझ्याकडं वळून म्हणाले, "शासकीय काम दिसतंय."

हे साचे कुणाला दिसत नाहीत, हा त्यांचा मुख्य गुण. अध्यक्षांनी तो पहिल्याच आठवड्यात निकालात काढला. उमेदवारानं गावात चहा नाकारायचा नसतो. नाकारला की ते घर विरोधात गेलं. त्यामुळे अध्यक्ष घरोघरी बसत, फेटा उतरवावा तशा गांभीर्यानं सगळ्यांदेखत साचे काढून डबीत ठेवत, चहा पीत आणि पुढच्या घराला निघत. पुढच्या घरी चहा असणारच, म्हणून पुन्हा घालत नसत. बावीस तासांचा मान डबीला मिळू लागला.

"किती वेळ घालता?" बाईंनी विचारलं.

"झोपताना न चुकता."

"आणि दिवसा?"

"दिवसा जनसंपर्क असतोय."

मग त्यांना तालमीतला उपाय सुचला. मधले नंबर सोडून एकदम पुढचा साचा दातांवर दाबून बसवला. दोन दिवस नुसता ताकभात खाल्ला आणि गावाला उपवास सांगितला. साचा बसलाच नाही. बाईंनी नवी मापं घेऊन त्यांना मागच्या नंबरवर नेऊन ठेवलं.

खरा घोटाळा एका जावळाच्या जेवणात झाला. पंगतीत तांबडा-पांढरा रस्सा वाढलेला, डबी घरी राहिलेली. अध्यक्षांनी साचे कागदी रुमालात गुंडाळून पत्रावळीशेजारी ठेवले, आणि पंगत उठल्यावर साचेही पत्रावळींबरोबर गेले. कार्यकर्ते खरकट्याच्या ढिगात हात घालून शोधू लागले.

"काय हरिवलं वो?" एका म्हातारीनं विचारलं.

"अध्यक्षांचे दात!"

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, अध्यक्षांना कवळी आहे. विरोधी गटानं लगेच कळवळा दाखवला: कवळीवाल्या म्हाताऱ्याला पुन्हा उभं करून कशाला तरास द्यायचा? अध्यक्ष तेव्हा पन्नाशीच्या अलीकडे होते. दुसऱ्या दिवशी ते पारावर गेले आणि तोंड उघडून म्हणाले, "वढून बघा की, कवळी हाय का!" एका आजोबांनी खरोखरच ओढून पाहिलं. दात हलला. उपचार चालू असताना दात थोडे हलतातच. ते मला ठाऊक होतं, गावाला नव्हतं.

अध्यक्ष वाचले ते निवडणूक लांबल्यामुळं. सगळे इच्छुक चिडले, अध्यक्षांनी पेढे वाटले. ती पुन्हा लांबली, पुन्हा पेढे. दीड वर्षाचं काम तीन वर्षांनी संपलं.

शेवटच्या दिवशी बाईंनी हातात आरसा दिला. अध्यक्षांनी ओठ वर करून आरशात पाहिलं. बोटं सवयीनं ओठाकडं गेली, मध्येच थांबली, आणि मग त्या हाताचं करायचं काय हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी तो खिशात घातला. मला त्या घडीला त्यांच्याबद्दल काहीतरी वाटलं. फार टिकलं नाही. जिना उतरताना ते म्हणाले, "गावाचा चेहरा बदलला आज."

तिथूनच फोटो काढायला गेले. हसणारे, सात प्रकारचे.

पंधरवड्यात तहसील कचेरीत सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघाली. फोन आला तेव्हा ते माझ्याच कट्ट्यावर बसले होते. ऐकलं, फोन ठेवला आणि कुणी गेल्याची बातमी सांगावी तसं म्हणाले, "महिला."

अध्यक्षांच्या मंडळी, म्हणजे आमच्या वहिनी, म्हशींना वैरण टाकून येत होत्या. त्या म्हणाल्या, "मग मी ऱ्हातो की हुबी."

"तू?"

"का? तुमी तीन वर्सं आरसा बघितलासा. मी रोज डेअरीवर बायकांत हुबी असतो."

वहिनींचा पुढचा एक दात लहानपणी म्हशीनं ढुशी दिली तेव्हाच गेलेला. फ्लेक्सवाल्यानं विचारलं, "वहिनी, फट भरून टाकू का?"

"ऱ्हाऊ दे बाबा. बायका वळखायच्या न्हाईत मला."

वहिनी फटीसकट हसल्या आणि निवडून आल्या. त्या फ्लेक्सवर अध्यक्ष कुठंच नव्हते. त्यांच्या जागी डेअरीवरच्या चौघीजणी होत्या.

आता मासिक सभेच्या दिवशी ते सरपंचांना मोटरसायकलवरून पंचायतीच्या दारापर्यंत सोडतात. पायरीवर उभे राहून आत जाणाऱ्या प्रत्येक सदस्याकडं पाहून तोंडभर हसतात. दात खरोखर सुरेख बसलेत, हे कबूल करावंच लागतं. मग शिपाई दार लावून घेतो. सरपंचांच्या यजमानांना सभेत बसता येत नाही.